पीएचडीला प्रवेश घ्यायचाय? अर्जाआधी हे तपासा

दरवर्षी पेटची, म्हणजे विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेश परीक्षेची, जाहिरात निघाली की आमच्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात मुलामुलींची ये-जा सुरू होते. बरीचशी आसपासच्या तालुक्यांतून एसटीने येतात. हातात प्लॅस्टिकची फाइल, फाइलमध्ये दहावीपासूनच्या गुणपत्रिका, आणि ओठांवर एकच प्रश्न: "मॅडम, मी पीएचडीला बसतो का?" घरात या वाटेने आधी कुणी गेलेलं नसतं. विचारायचं तरी कुणाला, हेही ठाऊक नसतं. मग कुणीतरी मित्र काहीतरी सांगतो, कुणी जुन्या नियमांवरून सल्ला देतो, आणि एक वर्ष हातचं जातं.

गेल्या काही वर्षांत मी मुलामुलींची वर्षं वाया जाताना पाहिली. त्यातल्या बहुतेकांचा अभ्यास कमी पडला नव्हता. पात्रता म्हणजे एकच अट, असं ते धरून चालले होते. खरं तर ही एकामागे एक असलेली चार दारं आहेत: पदवीचे गुण, प्रवेश परीक्षा, जागा असलेला गाइड (संशोधनाचा मार्गदर्शक) आणि कागदपत्रं. पहिलं दार उघडलं म्हणून पुढचं आपोआप उघडत नाही. म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. भारतातल्या विद्यापीठांना लागू असलेली विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, नोव्हेंबर २०२२ मधली नियमावली त्याचा पाया आहे. कुणी २००९ किंवा २०१६ च्या नियमांचा दाखला देऊ लागलं तर ते जुनं झालं आहे, हे लक्षात ठेवा.

आधी गुणपत्रिका काढा

सर्वांत रुळलेली वाट अशी: तीन वर्षांची पदवी, त्यावर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, आणि पदव्युत्तरला एकूण किमान ५५ टक्के. 'एकूण' हा शब्द नीट वाचा. शेवटच्या वर्षाचे ५५ चालत नाहीत, सगळ्या सत्रांचे मिळून लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग (नॉन-क्रिमिलेयर), दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटक यांना ५ टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ५० टक्के पुरतात.

५४.६ म्हणजे जवळजवळ ५५, असं मनाशी धरून अर्ज भरू नका. एका मुलीने तसा भरला होता. शुल्क भरलं, परीक्षा दिली, उत्तीर्णही झाली. कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर तिचा अर्ज बाद झाला. ऑनलाइन अर्ज स्वीकारला गेला म्हणजे पात्रता मान्य झाली असं होत नाही. संगणक तुम्ही भरलेला आकडा घेतो, माणूस तो नंतर तपासतो.

गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, असेल तर त्याला दहाने गुणून मोकळे होऊ नका. ग्रेडचे टक्के करण्याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. काही गुणपत्रिकांच्या मागच्या बाजूला ते छापलेलं असतं, नसेल तर परीक्षा विभागाकडून कन्व्हर्जन सर्टिफिकेट मागून घ्या. हा कागद मिळायला कधी आठवडा लागतो, कधी महिना. जाहिरात येण्याआधीच तो घेऊन ठेवा.

दुसरी वाट चार वर्षांच्या पदवीची. नव्या शैक्षणिक धोरणात आठ सत्रांची पदवी आली आहे. ती करणाऱ्याला पदव्युत्तर न करता थेट पीएचडीला जाता येतं, पण त्यासाठी एकूण किमान ७५ टक्के हवेत (सवलतीच्या प्रवर्गांना ७०). चार वर्षांच्या पदवीला ७५ पडले नाहीत तर वाट बंद होत नाही. एक वर्षाची पदव्युत्तर पदवी करायची, तिच्यात ५५ मिळवायचे, की पुन्हा पात्र.

बीई, बीटेक झालेली मुलं इथे हमखास अडखळतात. त्यांची पदवीही चार वर्षांची, आठ सत्रांची. मग ७५ टक्के असतील तर थेट अर्ज करता येईल का? आयोगाच्या नियमात ही वाट आहे. पण ही किमान अट आहे, आणि विद्यापीठ त्यावर आपली अधिक कडक अट घालू शकतं. म्हणून ज्या विद्यापीठात जायचंय त्याच्या अभियांत्रिकी विद्याशाखेची त्या वर्षीची जाहिरात वाचल्याशिवाय एमई सोडण्याचा निर्णय घेऊ नका.

एमफिल (पीएचडीआधीची छोटी संशोधन पदवी) केलेल्यांची विचारणा अजून येते. २०२२ च्या नियमांनी नवं एमफिल बंद केलं, पण ज्यांनी ते आधी ५५ टक्क्यांनी पूर्ण केलं आहे, त्यांना पीएचडीसाठी ते चालतं. आज कुणी "आमच्याकडे एमफिलला प्रवेश घ्या" असं म्हणत असेल तर तिथे पैसे भरू नका.

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून एमए केलेले विद्यार्थी दबक्या आवाजात विचारतात, "आमचं चालेल का?" चालतं. मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, आणि आयोगाने २०२२ मध्ये तसं पुन्हा स्पष्ट केलं आहे. शेती सांभाळून, अंगणवाडीत काम करून मुक्त विद्यापीठातून एमए झालेल्या बायकांनी मान खाली घालायचं काहीच कारण नाही. फक्त तुमचा अभ्यासक्रम त्या वर्षी मान्यताप्राप्त होता ना, एवढं तपासा.

आणि ज्यांचे गुण खरोखरच कमी पडतात, त्यांच्यासाठी? काही विद्यापीठांत श्रेणीसुधार योजनेखाली काही विषय पुन्हा देता येतात. ते शक्य नसेल तर दुसऱ्या, जवळच्या विषयात पुन्हा एमए करणं हा सरळ उपाय. मुक्त विद्यापीठातून केलं तर नोकरीही सांभाळता येते. दोन वर्षं जातात, हे खरं. पण तीच दोन वर्षं नुसती वाट पाहण्यातही जातात.

परीक्षा: पेट, नेट, सेट, गेट यांचा गुंता

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

पेट म्हणजे विद्यापीठाची स्वतःची प्रवेश परीक्षा. नियमानुसार तिच्या अभ्यासक्रमात निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा तुमच्या विषयाचा असतो. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात, सवलतीच्या प्रवर्गांना ४५. त्यानंतर मुलाखत. अंतिम यादीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असतं.

या ७०-३० चा अर्थ आकड्यांत पाहा. एकाला पेटमध्ये १०० पैकी ७२ आणि मुलाखतीत ६० मिळाले: ५०.४ अधिक १८, एकूण ६८.४. दुसऱ्याला पेटमध्ये ६० आणि मुलाखतीत ८०: ४२ अधिक २४, एकूण ६६. मुलाखतीत वीस गुणांनी पुढे असूनही दुसरा मागे पडला. "पेट फक्त पास व्हायची, बाकी मुलाखतीत बघू" हा सल्ला म्हणूनच महागात पडतो.

निम्मी प्रश्नपत्रिका संशोधन पद्धतीची असते, तरी बहुतेक मुलं तीनचतुर्थांश वेळ विषयाला देतात. मराठीचा विद्यार्थी संतसाहित्य पाठ करून येतो, पण गृहीतक म्हणजे काय, नमुना निवड कशी करतात, प्राथमिक आणि दुय्यम साधनांत फरक काय, संदर्भ कसे द्यायचे, वाङ्मयचौर्य कशाला म्हणतात, हे त्याने कधी वाचलेलंच नसतं. हा भाग सगळ्या विषयांना जवळपास सारखा आहे आणि दीड-दोन महिन्यांच्या नेमाने केलेल्या अभ्यासात हाती येतो. कला शाखेच्या मुलांनी सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन या गोष्टींना घाबरून त्या सोडून देऊ नयेत. प्रश्न सोपे असतात, पण तयारी नसली तर ते गुण जातातच.

आता नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. राष्ट्रीय परीक्षा संस्था ती वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रासाठी घेते. विज्ञान विषयांसाठी सीएसआयआर-नेट वेगळी आहे. जून २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट असतात. पहिल्या गटातल्यांना जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठी दरमहा मिळणारं विद्यावेतन) मिळते, ते पीएचडी प्रवेशाला पात्र असतात आणि सहायक प्राध्यापकपदालाही. दुसरा गट सहायक प्राध्यापकपदाला आणि पीएचडी प्रवेशाला पात्र. तिसरा फक्त पीएचडी प्रवेशाला. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी मात्र नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के महत्त्व आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांनी एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी: पीएचडी प्रवेशासाठी हे गुण एकच वर्ष चालतात. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता कायम राहते, प्रवेशासाठीचे गुण राहत नाहीत. निकाल लागल्याच्या आनंदात आठ-नऊ महिने निघून जातात, आणि विद्यापीठाची जाहिरात येते तेव्हा मुदत संपलेली असते.

नेटला बसायलाही पदव्युत्तर ५५ टक्के (सवलतीत ५०) लागतात, शेवटच्या वर्षात असतानाही बसता येतं. चार वर्षांच्या पदवीचे ७५ टक्केवालेही आता बसू शकतात, आणि त्यांना पीएचडी ज्या विषयात करायची तो विषय निवडता येतो. जेआरएफला वयाची अट आहे, खुल्या प्रवर्गासाठी ३० वर्षं. महिला, मागासवर्ग, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना पाच वर्षांची सूट मिळते. पीएचडीच्या प्रवेशाला मात्र वयाची मर्यादा नाही. पन्नाशीला आलेले एक शिक्षक मला विचारायला आले होते, वय झालं ना आता? त्यांना मी हेच सांगितलं. त्यांचा विषय इतका घट्ट आणि नेमका होता की कमिटीने मुलाखतीत त्यांना अर्धा तास बोलू दिलं.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेत असलेली परीक्षा. ती मुळात सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेची आहे. सेट झालेल्याला पेट द्यावी लागते की नाही, हे त्या विद्यापीठाच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. 'सूट मिळालेले उमेदवार' या शीर्षकाखाली शोधा. मैत्रिणीला अमुक विद्यापीठात सूट मिळाली म्हणून तुम्हाला तमुक विद्यापीठात मिळेलच असं नाही. अभियांत्रिकीसाठी गेट आणि डिझाइनसाठी सीड यांचा उल्लेख आयोगाच्या नियमातच आहे.

विज्ञानाच्या मुलांनी फक्त राज्य विद्यापीठांकडे पाहू नये. पुण्याची आयसर, मुंबईची आयआयटी, टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) या विज्ञान-संशोधन संस्थांची प्रवेशाची वाट आणि अटी स्वतःच्या आहेत. टीआयएफआर आपली वेगळी परीक्षा घेते. आयसर पुण्यात बीएस्सीनंतर एकत्रित पीएचडीला जाता येतं. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) काम करून अ‍ॅकसीर या संशोधन अकादमीची पदवी मिळते. पुरातत्त्व किंवा भाषाविज्ञान करायचं असेल तर डेक्कन कॉलेजची जाहिरात वेगळी पाहा. वर सांगितलेले ५५ टक्क्यांचे, ७०-३० चे नियम या सगळ्यांना जसेच्या तसे लागू असतील असं धरू नका.

गाइड: हे दार बहुतेकांना दिसतच नाही

मुलं परीक्षा पास होतात, पेढे वाटतात, आणि मग कळतं की त्यांच्या विषयात त्या वर्षी जागाच नाही.

प्रत्येक गाइडकडे विद्यार्थ्यांची संख्या ठरलेली असते. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४. गाइड होण्यासाठी स्वतःची पीएचडी आणि ठराविक शोधनिबंध लागतात: प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांना पाच, सहायक प्राध्यापकांना तीन. शिवाय ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत. तुमच्या आवडीचे सर ५८ वर्षांचे असतील तर आधी निवृत्तीचं वय आणि तारीख विचारा. यात उद्धटपणा काही नाही, आम्हालाही ते विचारलेलं बरं वाटतं.

विद्यापीठाने रिक्त जागा संकेतस्थळावर जाहीर करायच्या असतात. विषय, संशोधन केंद्र, गाइडचं नाव, प्रवर्गनिहाय जागा असा तक्ता असतो. तो तक्ता उतरवून घ्या. तुमच्या विषयात, तुमच्या प्रवर्गात, तुम्हाला रोज किंवा निदान आठवड्यातून जाता येईल अशा केंद्रात किती जागा आहेत, ते मोजा. मला विचाराल तर हे काम अर्ज भरण्याआधी करायचं. जागा दोनच असतील तर तयारी वेगळी, दहा असतील तर वेगळी.

गाइडला भेटायला जाताना "सर, मला घ्याल का?" असं विचारत जाऊ नका. त्यांचे दोन-तीन शोधनिबंध आधी वाचा. त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगेवर मिळतात. इन्फ्लिबनेट चालवत असलेलं हे भांडार सर्वांना विनामूल्य खुलं आहे, आणि नवीन माणसाला त्याहून मोठी मदत नाही. तिथे तुमच्या विषयाचे पाच प्रबंध उघडा, प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचा. तुम्ही योजलेल्या विषयावर आधीच काम झालंय का, तेही तिथेच कळेल.

मुलाखतीला विषयाचा एक-दोन पानांचा आराखडा लागतो. "महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या समस्या: एक अभ्यास" असा विषय घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी येतं. त्यावर कमिटी पहिला प्रश्न विचारते: कोणते शेतकरी, कोणती समस्या, कोणता काळ? मग मुलगा गप्प होतो. त्याऐवजी "लासलगाव बाजार समितीत कांदा विकणाऱ्या अल्पभूधारकांच्या हाती लिलावानंतर पैसे कधी येतात" असा विषय असता, तर तोच मुलगा वीस मिनिटं बोलला असता. कारण त्याच्या घरी कांदा होता आणि वडिलांबरोबर तो लिलावाला जात होता. आपल्याला जवळून ठाऊक असलेली गोष्ट विषय म्हणून कमी दर्जाची असते, हा समज कुठून आला कळत नाही. तुमच्या गावातली, कामातली माहिती ही तुमची शिदोरी आहे. फक्त तिला प्रश्नाचं रूप द्या, आणि त्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या माहितीवरून मिळेल ते सांगता आलं पाहिजे.

नोकरी करणाऱ्यांसाठी

अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे. शाळेतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, जिल्हा परिषदेतले लोक ती करतात. पात्रतेच्या अटी पूर्णवेळ विद्यार्थ्यांसारख्याच. वेगळी लागते ती कार्यालयाची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र. नुसतं "आमची हरकत नाही" एवढं लिहून भागत नाही. त्यात तीन गोष्टी हव्यात: अर्धवेळ पीएचडी करायला परवानगी आहे, कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त केलं जाईल. मजकूर स्वतः टाइप करून साहेबांसमोर ठेवा, म्हणजे फेऱ्या वाचतात.

ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने पीएचडी करता येत नाही. परदेशी विद्यापीठाच्या नावाने एखादी कंपनी घरबसल्या पीएचडी देत असेल तर ती पदवी इथे मानली जात नाही. २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) दोघांनी मिळून तसा इशारा दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना पीएचडीचे नियम न पाळल्याबद्दल पाच वर्षं नवे प्रवेश देण्यास मनाई केली. तेव्हा दूरच्या विद्यापीठाचा एजंट "फक्त दोनदा यावं लागेल" म्हणत असेल, तर त्या विद्यापीठाचं नाव आयोगाच्या संकेतस्थळावर तपासा, आणि तरीही पैसे देऊ नका. लाखो रुपये आणि पाच वर्षं घालून मिळालेला कागद पदोन्नतीच्या फाइलमध्ये नाकारला जातो, तेव्हा त्या माणसाकडे पाहवत नाही.

कागदपत्रं

पेट उत्तीर्ण झाल्यावर पडताळणीला सहसा थोडे दिवस मिळतात. खालचे कागद आधीच फाइलमध्ये हवेत: दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका, पदवी आणि पदव्युत्तर पदवी प्रमाणपत्रं, कन्व्हर्जन सर्टिफिकेट, दुसऱ्या विद्यापीठातून आला असाल तर स्थलांतर प्रमाणपत्र, नेट-सेटचं प्रमाणपत्र, नोकरीवाल्यांची एनओसी. दिव्यांगांनी ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व दाखवणारं प्रमाणपत्र जोडायचं.

सवलतीच्या प्रवर्गांचं थोडं सविस्तर सांगते, कारण हातातोंडाशी आलेला प्रवेश इथे जाताना मी पाहिला आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. ओबीसी, भटके-विमुक्त यांना त्याखेरीज नॉन-क्रिमिलेयर लागतं, आणि त्याची मुदत पाहावी लागते. मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र जोडलं आणि ते ३१ मार्चला संपलेलं निघालं, तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. तिथे त्याला ५५ टक्के लागतात, आणि त्याच्याकडे ५२ असतात. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही त्या वर्षाचाच हवा. केंद्रीय संस्थेत अर्ज करताना दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या ओबीसी यादीत असतेच असं नाही, तेव्हा यादी आधी उघडून पाहा. तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज जाहिरातीच्या दोन महिने आधी टाकलेला असला म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींसाठी: गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच, असं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत आधीच काढून ठेवा. आणि अर्जात नाव गुणपत्रिकेप्रमाणेच भरा. पदवीच्या कागदावर पुढे तेच छापलं जातं.

प्रवेश पक्का झाल्यावर काय लागतं, तेही आधीच ठाऊक असू द्या

प्रवेशानंतर कोर्सवर्क असतं, किमान १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा एक अभ्यासक्रम सक्तीचा. त्यात ५५ टक्के मिळवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे कामाचा अहवाल मांडायचा असतो. प्रबंधाआधी शोधनिबंध छापलेच पाहिजेत, ही देशभरची सक्ती २०२२ मध्ये निघाली, पण तुमच्या विद्यापीठाने ती ठेवली असेल तर पाळावी लागेल.

किमान काळ तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात, म्हणजे आठ. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षांची सूट आहे, जास्तीत जास्त दहापर्यंत. महिलांना संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने दुसऱ्या गावी जावं लागलं तर संशोधनाचं काम दुसऱ्या विद्यापीठात हलवण्याची तरतूदही नियमात आहे. घरचे "लग्नानंतर कसं करणार?" म्हणतात तेव्हा हा नियम त्यांना वाचून दाखवा. मी दोन घरांत तो वाचून दाखवला आहे.

पैशांचं म्हणाल तर जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे आणि पुढे एसआरएफला (सिनियर रिसर्च फेलोशिपला) ४२,०००. जेआरएफ नसेल तर राज्याच्या संस्थांकडे पाहा: अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन संस्था. यांच्या फेलोशिपची जाहिरात वेगळी निघते आणि तिच्या अटीही वेगळ्या. त्यांना लागतो तो पीएचडीच्या नोंदणीचा पुरावा.

म्हणून विद्यापीठाचं नोंदणीपत्र हातात पडलं की तिथेच, खिडकीजवळ उभं राहून ते वाचा. नावाचं स्पेलिंग, विषय, संशोधन केंद्र, गाइडचं नाव, पूर्णवेळ की अर्धवेळ, आणि प्रवेशाची तारीख. सहा वर्षं त्याच तारखेपासून मोजली जातात, आणि फेलोशिपवालेही तीच पाहतात. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोचपावतीवर शिक्का घेऊनच घरी जा.